एकदाच वाचता येणारं कार्ड

सोळा वर्षं मी एकच काम करते आहे. लोकांच्या अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजते. लग्नाकार्यात कुणी विचारलं आणि हे सांगितलं, की समोरचा माणूस आधी एक पाऊल मागे सरकतो आणि मग विचारतो, "म्हणजे तुम्हाला काही होत नाही ना?" मला काही होत नाही. माझ्यापर्यंत किरण येतच नाहीत. ते दुसऱ्यांच्या अंगावर पडून गेलेले असतात. माझ्याकडे येतात ती फक्त कार्डं.

आमची लॅब अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका गाळ्यात आहे. शेजारच्या गाळ्यात मसाल्याचं पॅकिंग चालतं, त्यामुळे आमच्या ओढण्यांना कायम धण्याजिऱ्याचा वास. खिडक्या आहेत, पण आतून काळा कागद चिकटवून बंद केलेल्या, कारण आमच्या मालाला ऊन चालत नाही. दिवे पिवळे आणि मंद. सकाळी साडेनऊला आत शिरलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, हे संध्याकाळी सहाला जिन्यात आल्यावर कळतं. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, दोन वर्षं काढू, मग पीएचडी करू. मग लग्न, मुलगी, दहिसरचं घर, असं एकेक होत गेलं आणि मी तिथेच. आता दुसरीकडे अर्ज करायचा म्हटलं तरी काय लिहू? मला जे उत्तम येतं ते करणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत, आणि त्या सगळ्यांच्या खिडक्यांना काळा कागद आहे. चिडचिड होते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो, एसी तर आहे ना.

काम काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक्स-रे काढणाऱ्या किंवा त्या मशीनजवळ उभं राहणाऱ्या माणसांनी छातीवर एक बॅज लावायचा असतो. त्याच्या आत काडेपेटीएवढं ॲल्युमिनियमचं कार्ड, आणि कार्डावर बटणाएवढ्या तीन पांढऱ्या चकत्या. किरण पडले की चकतीतले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकात मुद्दाम ठेवलेल्या दोषांमध्ये जाऊन अडकतात. महिनोन्महिने अडकून राहतात. दर तीन महिन्यांनी दवाखाने बॅज आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्या चकत्यांवर गरम नायट्रोजन सोडतो. उष्णता लागली की अडकलेले सुटतात, आणि सुटताना किंचित उजेड टाकतात. तो डोळ्यांना दिसत नाही, मशीनला दिसतो. पडद्यावर एक रेघ चढते आणि उतरते. जितका उजेड, तितका त्या माणसाचा डोस.

आणि एकदा वाचलं की संपलं. चकती कोरी होते. मग ती कितीही तापवा, आधीचं काही सांगत नाही.

वाचून झालेली कार्डं आम्ही ओव्हनमध्ये ठेवतो, दोनशे तीस अंशांवर चार तास, म्हणजे उरलंसुरलंही निघून जातं. मग तीच कार्डं नव्या बॅजांत घालून दुसऱ्या दवाखान्यांना जातात. वाचायच्या कार्डांचा ट्रे निळा, वाचलेल्यांचा लाल. निळ्यातलं कार्ड न वाचताच ओव्हनमध्ये गेलं, की त्या माणसाची तिमाही वाया गेली. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येकाने हा पराक्रम एकदा केलेला आहे, आणि त्याची रीत ठरलेली आहे. ज्याने केलं त्याने स्वतःच्या हस्ताक्षरात कबुलीचं पत्र लिहायचं, ते फायलीला लागतं, आणि त्या दिवशी सगळ्यांना समोसे घालायचे. डोस काय धरायचा? तर त्या माणसाच्या मागच्या चार तिमाह्यांची सरासरी. मी सोळा वर्षांत एकदाही समोसे घातले नव्हते आणि त्याचा मला चांगलाच ताठा होता. नव्या मुलींना मी येताजाता ऐकवायचे.

माझा धाकटा भाऊ मुलुंडच्या एका खाजगी दवाखान्यात टेक्निशियन आहे. बारावीनंतर काय करू म्हणून विक्रोळीच्या घरात डोकं धरून बसला होता, तेव्हा मीच त्याला म्हटलं, रेडिओग्राफीचा कोर्स कर, मरण नाही त्या लायनीला. वडील नुकतेच गेले होते, आईला लवकर कमावणारा मुलगा हवा होता. त्याने केला. पाच वर्षांपूर्वी त्याला कॅथलॅबमध्ये घेतलं. तिथे हृदयाच्या नसांत तार घालून डॉक्टर काम करतात आणि तेवढा सगळा वेळ एक्स-रे चालू असतो. टेक्निशियन शिशाचा ॲप्रन घालून बाजूला उभा. पगार बरा, मान जास्त. आईने शेजारच्या चार घरांत पेढे दिले.

त्याच्या दवाखान्याची कार्डं आमच्याकडेच येतात. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे लॅबमध्ये कुणाला नातं माहीत नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याचा नंबर मात्र मला पाठ आहे. तो साध्या एक्स-रेला होता तेव्हा त्याच्या नंबरावर छोटासा उंचवटा यायचा, कामाला जाणाऱ्या माणसाचा असावा तेवढा. कॅथलॅबला गेला आणि उंचवटा नाहीसा झाला. मी इतकी मूर्ख, की पहिल्या दोन तिमाह्यांत मला आनंद झाला. म्हटलं, चांगल्या दवाखान्यात आहे, काळजी घेतात.

पुढची तीनेक वर्षं ती पाकिटं आम्ही सगळ्या वाटून वाचत होतो. मग एके दिवशी मी त्यांचं पूर्ण पाकीट एका दमात वाचलं. प्रत्येक पाकिटात एक बॅज असा असतो, जो कुणीच लावत नाही. तो किरणांपासून लांब ठेवायचा असतो, तुलनेसाठी. त्या कॅथलॅबच्या नऊच्या नऊ माणसांची रेघ त्या न लावलेल्या बॅजसारखी होती, पट्टी ठेवून ओढल्यासारखी सपाट. दिवसभर एक्स-रेशेजारी उभं राहणाऱ्या नऊ माणसांवर काहीच पडत नाही, हे शक्य नाही. बॅज त्यांच्या अंगावर नव्हतेच. मी पडद्याकडे बघत बसले आणि मला घाम फुटला, त्या एसीत.

त्या रविवारी मी विक्रोळीला आईकडे गेले. भाऊ जेवत होता. मी ताटाशेजारी बसले आणि सरळ विचारलं, "डबा कसला आहे रे?"

"कसला डबा?"

"ज्यात सगळे मिळून बॅज ठेवता तो."

त्याचा घास हातातच राहिला. मग म्हणाला, "बिस्किटांचा."

"लाज नाही वाटत?"

"ताई, मला काय हौस आहे? माझ्या आधीपासून चालतं हे. आमच्यातल्या एकाने नीट लावला ना, त्याचा आकडा वर गेला. पत्र आलं, चौकशी झाली, तीन महिने त्याला स्टोअरला बसवला. त्याच्या जागी दुसरा आला तो आलाच. हा अजून तिथे हातमोजे मोजतोय."

"आणि अंगावर पडतंय ते?"

"ॲप्रन आहे ना."

"डोक्यावर घेतोस का ॲप्रन?"

"तू तुझं मशीन सांभाळ ना यार," तो म्हणाला आणि ताट घेऊन उठला.

आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती मलाच बोलली. "हात दाखवून अवलक्षण कशाला गं? चाललंय ना त्याचं नीट." तिच्या दृष्टीने झाकली मूठ सव्वा लाखाची. मी न जेवता निघाले.

पुढचं वर्षभर माझी अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी होती. वर सरकारी खात्याला कळवलं तर नऊ माणसांची चौकशी, त्यात भाऊ पहिला. न कळवावं तर दर तिमाहीला त्या खोट्या सपाट रेघांखाली सही माझी. मी सही करत राहिले. भावाशी जेव्हा जेव्हा बोलणं झालं तेव्हा एकदा तरी म्हणायचे, "लाव रे बॅज." तो विषय बदलायचा. पालथ्या घड्यावर पाणी. रात्री अंथरुणावर पडलं की मी मनात हिशेब करायचे, पाच वर्षं, रोजच्या इतक्या केसेस, आणि उत्तर येण्याआधीच थांबायचे. थांबायला कारण होतं. आकड्याला आधारच नव्हता. पाच वर्षांत त्याच्या अंगावर काय पडलं, हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. बॅजला फक्त बिस्किटाचा डबा माहीत होता.

मग मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज फुललेला. "त्याला इन्चार्ज करणारेत म्हणे. कॅथलॅबचा." त्यानंतर तीनच दिवसांनी भावाचा फोन. त्याने कधी नव्हे ते दुपारी केला होता.

"ताई, ह्या वेळी मी लावलाय हां बॅज. पूर्ण तीन महिने. पाकीट निघालंय आज."

"का रे? अचानक?"

"तूच म्हणत होतीस ना?" मागून कुणीतरी त्याला हाक मारली. "ठेवतो," म्हणाला.

मी दोनदा फोन लावला. त्याने उचलला नाही.

पाकीट आलं. मी ते दुसऱ्या कुणाला दिलं नाही. आधी आठ जणांची कार्डं वाचली. आठही सपाट. म्हणजे डबा तिथेच होता, फक्त माझा भाऊ त्यातून बाहेर पडला होता. नववं कार्ड मी चिमट्यात धरलं आणि मला पुढचं सगळं दिसलं. एकट्याचाच आकडा वर. वरून विचारणा, एकाच खोलीत काम करणाऱ्या नऊ जणांत एकालाच कसा काय? मग चौकशी, मग डबा, मग ते आठ जण त्याला जिवंत ठेवणार नाहीत. इन्चार्ज राहिलं बाजूला, तो त्या स्टोअरमध्ये हातमोजे मोजत बसणार. आणि हे सगळं कुणामुळे, तर वर्षभर लाव लाव म्हणून त्याच्या मागे लागलेल्या माझ्यामुळे.

मी ते कार्ड लाल ट्रेमध्ये ठेवलं. चूक म्हणून नाही, कळून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, दार लावलं आणि तिथेच उभी राहिले. दारावर छोटे लाल आकडे असतात. चाळीस. साठ. ऐंशी. शंभरापर्यंत चकतीतलं महत्त्वाचं फारसं काही जात नाही, हे मला माहीत होतं. दार उघडून कार्ड बाहेर काढायला मला बरीच मिनिटं होती. एकशे दहा. एकशे चाळीस. मी एका जागी उभी होते. दोनशेच्या पुढे आकडा गेल्यावर मी खुर्चीत जाऊन बसले. आत जो काही उजेड पडायचा तो पडून गेला होता. ओव्हनमध्ये तो बघणारं कुणी नसतं.

चार वाजता मी मॅडमकडे गेले. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. म्हटलं, माझ्याकडून एक कार्ड न वाचता गेलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मोठ्याने हसल्या. "तुम्हीसुद्धा? अहो, सोळा वर्षं वाट बघतेय मी तुमच्या समोशांची." सगळ्या मुली धावत आल्या. मी पत्र लिहिलं, सुवाच्य अक्षरात, "अनवधानाने" हा शब्द घालून. समोसे आणले. मुलींनी फोटो काढला. त्या फोटोत मी हसते आहे.

मग त्याच्या नंबरासमोर मागच्या चार तिमाह्यांची सरासरी लागली. चारही डब्यातल्या. म्हणजे जवळपास काहीच नाही. बिस्किटाच्या डब्याचा डोस माझ्या भावाचा म्हणून, माझ्याच सहीने, पक्का झाला. खोटं सांगत नाही, त्या संध्याकाळी मेट्रोत मला फार हलकं वाटलं. म्हटलं, वाचवला पोराला. पुढच्या तिमाहीपर्यंत तो इन्चार्ज होईल, मग समजावू शांतपणे.

पंधरा दिवसांनी तो अंधेरीला आला. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या ठिकाणी तो पहिल्यांदाच येत होता. गेटवरून फोन केला, खाली ये म्हणाला. मी उतरले तर चहाच्या टपरीपाशी उभा, खिशात आमच्या रिपोर्टची घडी. त्याने दोन कटिंग सांगितले.

"किती आला?"

"रिपोर्ट मिळालाय ना तुला?"

"रिपोर्टमध्ये सरासरी लिहिलीय. मला सरासरी नकोय गं. मशीनवर किती आला ते सांग."

"वाचलंच नाही गेलं रे. चुकून ओव्हनमध्ये गेलं."

"बाकीच्या आठांची?"

"वाचली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी लहानपणापासून त्याच्याशी खोटं बोलू शकत नाही, त्याला माझ्या तोंडावरून कळतं. माझं मीच बोलून गेले. "इन्चार्ज होणार होतास ना? आकडा वर गेला असता तर वाट लागली असती तुझी. म्हणून केलं."

"इन्चार्ज व्हायला मी आधीच नकार दिला होता," तो म्हणाला. "आईला सांगितलं नव्हतं, एवढंच. बॅजपण मी मोठ्या डॉक्टरांना लेखी देऊन लावला होता. ॲप्रनच्या वर, कॉलरला. आकडा जास्त येणार हे त्यांना माहीत होतं. काही झालं नसतं मला."

"कॉलरला का?"

त्याने चष्मा काढला. मला तेव्हा लक्षात आलं की चष्मा नवीन होता. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरतोय. तेहतिसाव्या वर्षी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, आजवर किती डोस घेतलाय? मी काय सांगू त्यांना? डब्यातला? म्हणून म्हटलं, एक तिमाही तरी खरी लावू. डोळ्याजवळ लावू. त्यावरून मागच्या पाच वर्षांचा अंदाज तरी निघेल. तुझ्याकडेच येणार होतं कार्ड, म्हणून तर मला टेन्शन नव्हतं."

मी म्हटलं, "मग आता परत लाव. ह्या तिमाहीत लाव, मी स्वतः वाचते, कुणालाही हात लावू देत नाही."

"आता कुठे? मी बदली मागून घेतली ना. एक तारखेपासून साध्या एक्स-रेला आहे. कॅथलॅब संपलं माझं."

चहा आला. त्याने ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. बाजूने मसाल्याच्या गाळ्यातली माणसं गोणी उतरवत होती, त्यांना वाट द्यायला आम्ही दोघे भिंतीला सरकलो.

"एकदा परत तापवून बघ ना," तो म्हणाला. "थोडं काही राहिलं असेल."

हे त्याला मीच शिकवलं होतं, कोर्सच्या पहिल्या वर्षी, विक्रोळीच्या ओट्यावर बसून, की काही राहत नाही. तरी त्याने विचारलं. मी सांगितलं की ते कार्ड आता लॅबमध्ये नाही. मागच्या सोमवारी नव्या बॅजमध्ये घालून गेलं, कुठल्यातरी दवाखान्यात कुणाच्या तरी छातीवर आहे.

त्याने मान हलवली. चष्मा घातला. मग रागावून नाही, अगदी साध्या आवाजात, जणू मी त्याला यातून काही मार्ग सुचवीन अशा आशेने, तो म्हणाला, "मी डॉक्टरांना सांगून आलोय गं. म्हटलं, काळजी नको, आकडा माझ्या बहिणीकडे आहे."